कुळागरातल्या पातेऱ्यात ड्रॅक्युला मुंगी कशी शोधायची, आणि सापडलीच तर कुठल्या खणात ठेवायची

आधीच सांगून टाकतो, ही साखरेच्या डब्यातल्या मुंगीची गोष्ट नाही आणि आंब्यावर पानं शिवून बसणाऱ्या हुमल्यांचीही नाही. हुमले शोधावे लागत नाहीत, तेच तुम्हाला शोधतात. मी सांगतोय ती स्टिग्मॅटोमा, म्हणजेच ड्रॅक्युला मुंगी. तांदळाच्या कणीएवढी, तपकिरी-तांबूस, डोळे जवळपास नसल्यासारखे, आणि आयुष्य ओल्या मातीत नि कुजक्या पानांखाली, म्हणजे पातेऱ्यात, काढणारी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात जन्म काढलेल्या माणसानेसुद्धा ती बघितलेली नसते, आणि बघितली असली तरी 'असेल काहीतरी मुंगी' म्हणून सोडून दिलेली असते. तीन पावसाळे चाळण मारून मला ती फक्त एकदा मिळाली, त्यामुळे हे लिहिण्यात मी काही मोठा तज्ज्ञ नाही, पण चुका भरपूर केल्यात आणि त्या तुम्ही परत करायची गरज नाही.

पहिली गोष्ट परवानगी. म्हादई, नेत्रावळी, खोतिगाव, बोंडला, मोले इथे अभयारण्याच्या हद्दीत जाऊन काहीही उचलायचं नाही, मुंगीसुद्धा नाही, त्याला वनखात्याची लेखी परवानगी लागते. देवराईत तर गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पान हलवू नका, तिथे कायदा नंतर येतो. म्हणून सरळ आपलं किंवा ओळखीच्याचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, धरा. पोफळी, केळी, मिरवेल, मधून पाट वाहतोय, वर फणस-जांभळाची सावली आणि खाली वर्षानुवर्षं न झाडलेला पातेरा, यापेक्षा चांगली जागा परवानगीशिवाय मिळणार नाही. झाडून लख्ख केलेलं कुळागर मात्र आपल्या कामाचं नाही.

वेळ कधीची? मे महिन्यात जाल तर काही मिळणार नाही, माती तापली की हे सगळं मंडळ खोल जातं. जुलैच्या धो धो पावसात पातेरा चिखल होतो. चतुर्थीनंतरचे दिवस बेस्ट, सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर, म्हणजे पाऊस उघडलाय पण जमीन अजून ओली आहे. डिसेंबरपासून मेपर्यंत सत्तरीच्या जंगलाला लागून असलेल्या भागात पातेऱ्यात हात घालू नका असं मी स्पष्ट सांगेन, कारण गोचीड आणि माकडताप. हा आजार १९५७ साली शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१५ पासून सत्तरीत त्याच्या साथी आल्यात, मुंगीपायी तो ओढवून घ्यायचं काही कारण नाही. बाकीच्या वेळीसुद्धा लांब बाह्या, पँट सॉक्समध्ये, हातात जाड ग्लोव्हज, आणि पातेरा हाताने नाही तर आधी काठीने उलटायचा, फुरसं आणि चापडा या दोन्ही विषारी सापांना तीच जागा आवडते.

आता चाळण. पहिल्या वर्षी मी आईची तांदळाची चाळण गुपचूप उचलली, तिने ती मातीने माखलेली बघितल्यावर जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाली, "मुंग्या हव्यात ना, मग साखरेचा डबा उघडा ठेव, एवढं रान कशाला फिरतोस?" तर चाळण स्वतःची घ्या, बाजारात रेती चाळायची मिळते ती, साधारण एक सेंटीमीटरच्या आसपास भोकं असलेली, कारण फार बारीक असेल तर मुंगीच वर राहते. एक मीटर बाय एक मीटर चौकोन दोरीने आखायचा, त्यातला सगळा पातेरा आणि खालची काळी भुसभुशीत माती बोटभर खरवडून चाळणीत, आणि खाली पांढरी चादर किंवा गोणपाटाची जाड पिशवी. जोरजोरात आपटत चाळायचं, हळुवार नाही, या मुंग्या पानाला चिकटून राहतात. जगभर पातेऱ्यातल्या मुंग्या मोजायची जी ठरलेली पद्धत आहे ती पण हीच, फक्त त्यात दहा-दहा मीटरवर असे २० चौकोन घेतात आणि चाळलेला माल जाळीच्या पिशवीत घालून, ती कापडी पिशवीत टांगून ४८ तास वाळवतात. पातेरा वाळत जातो तशा मुंग्या ओलावा शोधत खाली उतरतात आणि तळाच्या बाटलीत पडतात. विंकलर म्हणतात त्या पिशवीला.

गोव्यात पिशवीची गंमत अशी की ऑक्टोबरच्या दमट हवेत ४८ तासांत काही म्हणजे काही वाळत नाही, उलट बुरशी येते. मी चार दिवस टांगून ठेवलेली, बाटलीत दोन गोगलगायी आणि एक कोळी. म्हणून बल्ब. एक मोठं फनेल, नाहीतर पाण्याची वीस लिटरची बाटली मधून कापून उलटी, तोंडाला जाळी, वर चाळलेला माल आणि त्याच्या वर वीतभर अंतरावर बल्ब. आंतोनियो बेर्लेसे नावाच्या इटालियन माणसाने १९०५ साली असंच फनेल केलं होतं, त्याने गरम पाण्याने तापवलं, बल्ब नंतर आला. इथे एक चूक सगळे करतात, मीही केली, एलईडी बल्ब लावायचा. एलईडी गरम होत नाही! उजेड पडतो, मुंग्या निवांत. जुना चाळीस वॅटचा पिवळा बल्ब शोधा, हार्डवेअरच्या दुकानात मागच्या फळीवर धूळ खात पडलेला असतो. आणि तो पातेऱ्याला टेकवू नका, वाळला की पेट घेईल.

खाली बाटलीत अल्कोहोल. आता तुम्ही म्हणाल घरात फेणी आहे. नाही चालणार, फेणी चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांची, उर्राक तर पंधराच्या आसपास, त्यात मुंगी हळूहळू मऊ पडते आणि डीएनए तर विसराच. ९५ टक्के इथेनॉल लागतं, ते लॅबला माल पुरवणाऱ्या दुकानातून किंवा ओळखीच्या कॉलेजातून घ्या. आणि बाटलीत लेबल टाकायचं ते पेन्सिलने लिहून. हे मी ठळक अक्षरात सांगायला हवं, कारण माझ्या पहिल्या वर्षाच्या अकरा बाटल्यांमधली बॉलपेनची शाई दोन महिन्यांत विरघळून सगळा अल्कोहोल निळा झाला, कागद कोरा. अकरा बाटल्या मुंग्या, कुठल्या ते देवालाच माहीत. सगळ्या फेकल्या, कारण जागा नि तारीख नसलेली मुंगी कितीही दुर्मिळ असली तरी कचरा आहे.

आता मुख्य काम, ओळखायचं. स्टीलचं ताट, पांढरा कागद, दहापट आणि शक्य असेल तर वीसपट भिंग, किंवा मोबाईलला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स, हजाराच्या आत येते. आधी खात्री करा की मुंगीच आहे, कारण वाळवीचे सैनिक नव्या माणसाला फसवतातच. वाळवीला कंबर नसते आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात. मुंगीची मिशी कोपरात वाकते आणि छाती-पोटाच्या मध्ये गाठ असते.

ती गाठ मोजा. एक की दोन? खरं वर्गीकरण इथूनच सुरू होतं. दोन गाठी असतील तर बहुतेक वेळा ती मिर्मिसिनी उपकुळातली (उपकुळ म्हणजे मुंग्यांच्या कुळातला एक मोठा गट), घरातल्या बारीक मुंग्यांपासून आंब्यावरच्या शेपूट उचलणाऱ्या क्रिमॅटोगॅस्टरपर्यंत सगळ्या त्यातच. एक गाठ असेल तर पुढे बघा पोटाच्या टोकाला काय आहे, नांगी की नुसतं केसांनी वेढलेलं गोल भोक. भोक असेल तर फॉर्मिसिनी, म्हणजे आपले डोंगळे आणि हुमले. नांगी असेल, आणि पोटाच्या पहिल्या-दुसऱ्या भागात आवळल्यासारखी खाच असेल, तर तुम्ही योग्य गल्लीत आलात.

पण या गल्लीत घरं बरीच आहेत. लांब पायांची, शिस्तीत रांगेने धावणारी ती लेप्टोजेनिस. जबडा १८० अंशात सताड उघडा ठेवून चालणारी आणि खटकन मिटणारी ती ओडोंटोमॅकस नाहीतर तिची लहान बहीण ॲनोकेटस. मोठे टपोरे डोळे, वर वळलेला लांब जबडा आणि हात पुढे केला की उडी मारणारी ती हार्पेग्नाथोस, हिचं नाव थॉमस जर्डनने १८५१ मध्ये ठेवलंय, ती बघायला मिळाली तर दिवस वसूल. या तिन्ही-चारही सहज वेगळ्या काढता येतात. घोळ घालते ती हायपोपोनेरा, बारीक, तपकिरी, डोळे जेमतेम, अगदी त्याच पातेऱ्यात आणि शंभरपट जास्त. पहिल्या वर्षी माझ्या सगळ्या 'स्टिग्मॅटोमा' प्रत्यक्षात हायपोपोनेरा होत्या. एका जाणकार माणसाला फोटो पाठवला तर उत्तर आलं तीन शब्दांचं, 'मागची बाजू बघा'.

मागची बाजू म्हणजे गाठीची मागची बाजू. हायपोपोनेराची गाठ मध्ये उभी खवल्यासारखी सुटी दिसते, पुढून चढ, मागून उतार, मग बारीक जोड आणि मग पोट. स्टिग्मॅटोमाच्या गाठीला मागचा उतारच नाही. पुढून चढलात, वरून सपाट चालत गेलात की थेट पोटावर, गाठ पूर्ण उंचीने पोटाला टेकलेली, जसं काही कंबर पोटातच मुरलीय. एकदा हे बाजूने नीट बघितलं की परत चूक होत नाही. फक्त अल्कोहोलमध्ये मेलेली मुंगी पोट खाली वळवून घेते आणि नेमकी ती जागा दडते, तेव्हा सुईने हलकेच सरळ करा, आडवी ठेवा, मग बघा.

दुसरी खूण तोंडावर. ओठाच्या वर जी पट्टी असते तिच्या पुढच्या काठावर बारीक दातांची रांग, लहान कंगवा तोंडाला लावल्यासारखी. जबडे लांब, अरुंद, पुढे आलेले, आतल्या बाजूला दात, त्यातले बरेच जोडीजोडीने. वीसपट भिंगाखाली हे दिसलं तेव्हा मी ताट तसंच ठेवून घरभर हिंडून आलो, एका हाताने मोबाईल धरून दुसऱ्या हाताने ती चार मिलीमीटरची बाई फिरवत बसणं शक्यच नव्हतं, हात कापत होता. ती थेट चाळणीतून ताटात आलेली, म्हणून जिवंत होती, आणि अजिबात धावत नव्हती, दोन पावलं टाकायची, मिशा टेकवायची, थांबायची. पातेऱ्यातून काढलेल्या बाकी मुंग्या ताटाच्या काठाकडे सैरावैरा पळत होत्या आणि ही मध्यभागी एखाद्या आंधळ्या आजीसारखी चाचपत.

याच खणात, म्हणजे याच उपकुळात, अजून दोघी बसतात, त्या वेगळ्या काढायच्या. प्रायोनोपेल्टा फारच लहान आणि जबड्यावर फक्त तीन दात. मायोपोपोन मोठी, सेंटीमीटरच्या आसपास, कुजक्या ओंडक्याच्या आत राहणारी, भुंग्यांच्या अळ्यांवर जगणारी, श्रीलंका-भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली आणि तरी तिच्यात एकच जाती, मायोपोपोन कॅस्टेनिया. माडाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या अळ्या ती खाते, यावर इंडोनेशियात काम झालंय. आमच्याकडे भाटकार, म्हणजे बागांचे मालक, त्या भुंग्याला शिव्या घालत बसतात, ही मुंगी कोणाला ठाऊक नाही.

ड्रॅक्युला नाव का, तर ही मुंगी आपल्याच पिल्लांचं रक्त पिते. अतिशयोक्ती नाही. जपानच्या स्टिग्मॅटोमा सिल्व्हेस्ट्रीवर मासुको यांनी १९८६ साली लिहिलं, की राणी अळीच्या पाठीची कातडी जबड्याने टोचते, बाहेर आलेला रस चाटते आणि अळी मरत नाही, पुढे मोठी होते. शिकार म्हणजे मुख्यतः जमिनीतल्या लांब बारीक गोमी, नांगीने बधिर करायच्या. म्हणून चाळताना बारीक पिवळट गोमी भरपूर दिसल्या तर ती जागा सोडू नका, तिथे परत एक चौकोन घ्या. मला मिळाली ती पाटाच्या कडेला फणसाच्या मुळाशी, गोमी होत्या म्हणूनच दुसऱ्यांदा चाळलं होतं.

आता नावांची भानगड, कारण जुनं पुस्तक उघडलंत की गोंधळणार. आधी एक, मी जीनसला जीनसच म्हणतो. शास्त्राच्या मराठीत तो 'प्रजाती' आणि स्पीशीज म्हणजे 'जाती', पण बोलताना अर्धी जनता स्पीशीजलाच प्रजाती म्हणते आणि मग भांडणं होतात. तर एरिक्सनने १८४२ मध्ये टास्मानियातल्या मुंगीवरून अँब्लिओपोन जीनस केला. रॉजरने १८५९ मध्ये स्टिग्मॅटोमा केला. मग मधली बरीच वर्षं स्टिग्मॅटोमा अँब्लिओपोनच्या पोटात गेला, सगळ्यांना एकच नाव. २०१२ मध्ये योशिमुरा आणि फिशर मादागास्करच्या नर मुंग्या तपासत होते, त्यांना दिसलं की नरांवरून हे गट वेगळेच पडतात, तेव्हा स्टिग्मॅटोमा परत उभा राहिला. म्हणजे आपल्याकडच्या मुंग्यांना २०१२ च्या आधीच्या लिखाणात अँब्लिओपोन म्हटलेलं दिसेल, तीच ही. उपकुळाचंही तसंच, १९०३ च्या बिंगहॅमच्या ग्रंथात ही सगळी पोनेरिनीच्या छत्रीखाली आहेत, बोल्टनने २००३ मध्ये अँब्लिओपोनिनी हे स्वतंत्र उपकुळ केलं. नोंद करताना म्हणून नावापुढे नाव ठेवणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहायची सवय लावा, फालतू वाटतं पण दहा वर्षांनी त्यावरूनच कळतं तुम्ही नेमकं काय म्हणत होता.

आणि आपल्या दाराशी असलेली गोष्ट. स्टिग्मॅटोमा बेल्लीआय ही जाती फोरेलने १९०० साली मांडली. फोरेल बसलेला स्वित्झर्लंडमध्ये, मुंग्या पाठवणारे इथले जंगलखात्यातले साहेब, आणि लेखमाला छापून यायची मुंबईच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) जर्नलमध्ये, तीही फ्रेंचमध्ये! बेल्लीआय मधला बेल म्हणजे टी. आर. बेल, कारवारकडे जंगलखात्यात होता, निवृत्त होऊनही कारवारातच राहिला. मुंगी कानडा जिल्ह्यातली. काणकोणहून पोळ्याचा नाका ओलांडला की तोच जिल्हा लागतो, म्हणजे ज्या मातीतून हिला नाव मिळालं ती काणकोणपासून बसने तासाभरावर.

प्रसाराचा नकाशा कसा वाचायचा, यावर मात्र थोडं थांबायला हवं. स्टिग्मॅटोमा जीनस म्हणून बघितला तर जगभर आहे, उत्तर अमेरिकेत आहे, भूमध्य समुद्राकाठी आहे, जपानात आहे. मग दुर्मिळ कशी? दुर्मिळ म्हणजे भेटायला दुर्मिळ. खरा तुटक प्रसार बघायचा तर टायरॅनोमर्मेक्स ही दुसऱ्याच उपकुळातली मुंगी घ्या. २००३ साली फर्नांडेझने मलेशियातून हा जीनस मांडला, जाती रेक्स. २००७ मध्ये बोरोविएकने केरळातल्या पश्चिम घाटातून दुसरी जाती दिली, डक्स. २०१३ मध्ये श्रीलंकेतून तिसरी, लेगाटस. तेव्हा नमुने सगळे मिळून मूठभर. नकाशावर हे मोजके ठिपके, आणि मलेशिया ते श्रीलंका हजारो किलोमीटर कोरे. आता या कोऱ्या जागेत ती नाहीच, असं कोण म्हणेल? तिन्ही ठिकाणी कोणीतरी गुडघ्यावर बसून पातेरा चाळला होता, ठिपका तिथे पडला. ठिपका म्हणजे मुंगी तिथे आहे एवढंच, कोरी जागा म्हणजे काहीच नाही.

भारताची राज्यवार यादी २०१६ मध्ये हिमेंदर भारती आणि सहकाऱ्यांनी काढली, १० उपकुळं, १०० जीनस, ८२८ जाती-उपजाती. त्यात राज्याराज्यासमोर कोण कोण ते दिलंय. गोव्याच्या नावावर केरळ-कर्नाटकापेक्षा कमी नावं आहेत आणि लोक लगेच म्हणतात गोवा लहान, ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणून. थोडं तसंही असेल. पण चोर्ल्याचा घाट काय कर्नाटकाच्या हद्दीला मुंगी अडवतो? डोंगर एक, पाऊस एक, पातेरा एक. गोव्यात चाळणारे कमी, माझं मत हेच आहे आणि कोणी खोडून काढलं तर आनंदच आहे.

म्हणून नोंद नीट करा. फोटो तीन, समोरून चेहरा, आडवी बाजू, वरून, आणि शक्य असेल तर चौथा लेबलचा. अँटवेब या संकेतस्थळावर जगभरच्या मुंग्या याच पोझमध्ये आहेत, शेजारी ठेवून ताडता येतं. आयनॅचरॅलिस्टवर, म्हणजे जीवांच्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर, टाकायचं असेल तर जागा नेमकी टाका, 'गोवा' एवढंच टाकून काही उपयोग नाही. जीनसपर्यंत ओळखलंत तर जीनसवरच थांबा, बेल्लीआय लिहायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण जातीसाठी डोक्याची लांबी-रुंदी, जबड्यावरचे दात मोजावे लागतात आणि मूळ नमुन्याशी ताडावं लागतं, ते मोबाईलच्या लेन्सने होत नाही. माझ्या बाटलीवर अजूनही एवढंच आहे:

गोवा, सत्तरी, कुळागर, फणसाखालचा पातेरा, पाटापासून २ मी., चाळण, १२ ऑक्टोबर, स्टिग्मॅटोमा, १ कामकरी.

काम झालं की पातेरा फेकून देऊ नका. बल्बखालून काढलेला वाळका माल परत त्याच झाडाखाली नेऊन पसरा, अंधार पडायच्या आत, आणि वर थोडं पाणी मारा. आई विचारते आता हे मातीला पाणी कसलं घालतोस, तिला अजून सांगितलेलं नाही.